न फिरवलेलं हँडल

“लिंबू पिळलंस का?” उपळेकर सरांनी विचारलं, तेव्हा मी विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, रेशमी साडीचा पदर कमरेला खोचून, होस्टेलच्या मेसमधून उसन्या आणलेल्या पातेल्यात साखरेचा पाक ढवळत उभी होते.

“पिळलं, सर. नाही तर साखर धरेल.”

“हां. आणि दाट होऊ दे चांगला. आपल्याला काय चिरोटे बुडवायचे नाहीत त्यात.”

त्या दिवशी दुपारी माझी पीएचडीची तोंडी परीक्षा होती. एरवी अशा दिवशी माणसं देवाला नमस्कार करतात, प्रबंधाची पानं चाळतात, पोटात कालवतंय म्हणून दोनदा जाऊन येतात. मी पाक करत होते आणि मुंग्या हाकलत होते. याला कारण एकच, आमचे सर. मुरलीधर उपळेकर हा माणूस द्रवगतिकी शिकवायला उभा राहिला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा डबा खायचं विसरायची. पण उतावळा किती म्हणाल, तर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण त्यांना बघूनच कुणीतरी केली असावी. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून त्यांनी आदल्या दिवशी स्वतः बाह्या सरसावून प्रयोगशाळा धुवायला काढली. त्या धुण्याच्या भरात ग्लिसरिनच्या डब्यात बादलीभर पाणी गेलं. ग्लिसरिनचं सरबत झालं. नवीन मागवायचं तर मुंबईहून यायला आठवडा लागला असता.

“त्यात काय,” सर म्हणाले. “ग्लिसरिन काय आणि पाक काय, घट्टपणाशी मतलब. साखर आण.”

आता त्या घट्टपणाचं एवढं काय अडलं होतं, ते सांगते.

मी त्या वेळी तंत्रनिकेतनात डिप्लोमाच्या मुलांना हायड्रॉलिक्स शिकवत होते. लग्न झालेलं, थोरली सातवीत, धाकटी चौथीत. नोकरी, घर आणि मुली यांच्यातून उरलेल्या वेळात मी विद्यापीठात येऊन प्रयोग करायची. वर्षं किती गेली ते विचारू नका. नात्यातल्या लग्नात गेलं की कुणीतरी हमखास विचारायचं, “अजून चाललंयच का तुझं ते?” जणू मला जुनाट खोकला होता. माझा नवरा भरत तेवढ्याच शांतपणे सांगायचा, “चाललंय. तिला घाई नाही.” घाई मला नव्हती, विद्यापीठाला होती. माझ्या नोंदणीची मुदतवाढ संपलेली, पुढची मिळणार नव्हती. जूनपर्यंत पदवी नाही मिळाली तर सगळं रद्द, पुन्हा श्रीगणेशा. आणि पुन्हा श्रीगणेशा करायचं बळ माझ्यात नव्हतं, हे मला एकटीलाच माहीत होतं.

प्रबंधाचा विषय तसा लहान मुलालाही सांगता येईल असा. पाण्यात निळीचा थेंब टाका, चमच्यानं ढवळा. नीळ पसरते. आता तेवढंच उलटं ढवळा. थेंब परत येतो का? नाही येत. एकदा मिसळलं ते मिसळलं. पण द्रव पुरेसा घट्ट असेल आणि तुम्ही पुरेसं सावकाश फिरवलंत, तर तो येतो. गेल्या वाटेनं, जसाच्या तसा, माघारी येतो. गणितात हे फार पूर्वीपासून माहीत आहे. किती घट्ट म्हणजे पुरेसं, किती सावकाश म्हणजे पुरेसं, कुठपर्यंत येतो आणि कुठून पुढे येत नाही, हे मी मोजलं होतं. त्यासाठी सरांनी एक यंत्र करून घेतलं होतं. एकात एक बसवलेली दोन काचेची नळकांडी, मधल्या फटीत द्रव, आणि आतलं नळकांडं फिरवायला वर एक हँडल. फटीतल्या द्रवात आतून बाहेर अशी रंगाची आडवी रेघ ओढायची. हँडल फिरवलं की रेघ ताणत जाते, फिकट होते, नाहीशी होते. उलटं फिरवलं की हळूहळू गोळा होऊन पुन्हा रेघ. मी हे किती वेळा पाहिलं असेल, पण दर वेळी ती परत आली की मला हसू फुटायचं. अजूनही फुटतं.

बाहेरचे परीक्षक होते डॉ. सदानंद वाघुळदे. मोठ्या संस्थेतून निवृत्त झालेले, या विषयातलं भारदस्त नाव. त्यांनी प्रबंध वाचून कळवलं होतं की काम चांगलं आहे, पण रेघ इतकी पूर्णपणे परत येते यावर त्यांचा विश्वास नाही. प्रत्यक्ष दाखवा. दिसलं तर सही करीन, नाही तर प्रयोग नव्याने करावे लागतील. एवढंच. ते ऐकल्यावर मी दोन दिवस भाजीत मीठ घालायला विसरत होते.

तर वाघुळदे सर दुपारच्या गाडीनं येणार होते. पाक सकाळी करायचा, चार-पाच तास निवू द्यायचा, मग यंत्रात भरायचा असा आमचा बेत. पण त्यांना कुणाच्या तरी मोटारीत जागा मिळाली आणि ते साडेदहालाच दारात हजर. उंच, वाळकुडे, पांढरा सदरा, हातात छत्री. पाकाचं पातेलं नुकतंच शेगडीवरून उतरवून आम्ही बादलीत गार पाण्यात ठेवलं होतं.

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, या, बसा, चहा घ्या, दुपारी बघू. पण उपळेकर सर शहाणे असते तर ते उपळेकर सर झालेच नसते. त्यांनी वाघुळद्यांना खुर्ची दिली, विभागातल्या प्राध्यापकांना हाक मारून मागे बसवलं, एप्रिलचा उकाडा म्हणून पंखा जोरात लावला, आणि माझ्यापाशी येऊन पातेल्याला बोट लावून म्हणाले, “झालाय की गार. ओत.”

मी ओतला. माझं चित्त ठिकाणावर असतं तर मीही आत बोट घालून पाहिलं असतं. नव्हतं. पाकातच जिलबीचा केशरी रंग कालवून लांब सुईच्या पिचकारीनं मी फटीत रेघ ओढली. रेघ झकास आली, पट्टीनं आखल्यासारखी.

एवढ्यात भरत आणि आत्ती आले, दुपारची वेळ असूनही सकाळीच. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. तोंडी परीक्षा खुली असते, कुणालाही बसता येतं असं भरतनं त्यांना सांगितलं होतं, तेव्हापासून त्यांनी धोशा लावला होता की मी येणारच. जरीकाठी लुगडं नेसून त्या पहिल्या रांगेत बसल्या आणि वाघुळद्यांना त्यांनी विचारलं की तुम्हीच का ते. ते म्हणाले, हो, मीच तो. आत्तींनी त्यांना आपादमस्तक न्याहाळून घेतलं आणि भरतच्या कानात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “वाईट नाहीत वाटत.”

मी हँडल धरलं. सावकाश फिरवायला लागले. रेघ ताणली, पातळ झाली, गोल फिरत फिरत सगळ्या पाकात विरून गेली. आत्ती हळहळल्या. मग मी थांबले, आणि तितक्याच सावकाश उलटं फिरवायला लागले. केशरी छटा दाट होत गेली, जवळ आली, तिची कड दिसायला लागली. आली. रेघ आली.

पण तिरपी आली.

आतलं टोक वर चढलेलं, बाहेरचं खाली उतरलेलं. मी ओढलेली रेघ आडवी होती, ही उतरणीची होती. एवढ्या वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

वाघुळदे सर उठून जवळ आले, चष्मा वर करून त्यांनी काचेला नाक लावलं. त्यांचा चेहरा रागावलेला नव्हता. उलट जरा उदास दिसला.

“अशीच येते, शेडबाळे बाई,” ते म्हणाले. “मला माहीत होतं. पुस्तकात सरळ येते, खरी अशीच येते.”

उपळेकर सर तडक उठले. काही नाही, जरा जोरात फिरवलं गेलं असेल, पुन्हा करू, नवी रेघ ओढ, आणखी हळू फिरव, मीच फिरवतो, असं म्हणत त्यांनी हँडलला हात घातलासुद्धा. आणि त्या क्षणी, कसं कोण जाणे, माझ्या डोक्यात लख्ख झालं. जोरात फिरवलं तर काय होतं हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी तर तेच मोजत आले होते. जोरात फिरवलं किंवा द्रव पातळ असला तर रेघ पुसट येते, विस्कटलेली येते, तिच्या कडा फाटतात. ही रेघ नितळ होती. कडा जशाच्या तशा. नुसती कललेली. गोल फिरवल्यानं रेघ वर-खाली कशाला होईल? वर-खाली करणारं दुसरं कुणीतरी आत होतं.

मी बाहेरच्या काचेला तळवा लावला. गार. वर पंखा भणाणत होता. मग झाकणाच्या फटीतून पाकात करंगळी बुडवली. आत चांगला कोमट.

“सर, थांबा,” मी म्हणाले.

उपळेकर सरांना मी आयुष्यात पहिल्यांदा थांबा म्हटलं होतं. ते इतके चकित झाले की खरंच थांबले.

“हँडलला हात लावू नका. मी नवी रेघ ओढते. वाघुळदे सर, मला पुन्हा एकदा दाखवायचंय. मघाशी जायला-यायला जेवढा वेळ लागला तेवढाच वेळ घेईन.”

“आणि काय करणार?”

“काहीच नाही, सर.”

“म्हणजे?”

“हँडल फिरवणारच नाही. नुसती बघत उभी राहीन. रेघ मघासारखीच तिरपी होईल. आतलं टोक वर, बाहेरचं खाली. फक्त मघापेक्षा थोडी कमी, कारण तेवढ्या वेळात पाक आणखी निवलाय.”

वाघुळद्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग पंख्याकडे पाहिलं. मग स्वतःची करंगळी पाकात बुडवली, ती बाहेर काढून त्यांनी चाटली, आणि खुर्ची ओढून यंत्रासमोर बसले. हातातलं घड्याळ सोडून टेबलावर ठेवलं.

मी आधीच्या रेघेपासून दूर, पलीकडच्या बाजूला, नवी रेघ ओढली. सगळं आता पणाला लागलं होतं. माझं म्हणणं खरं असेल, तर तिरपेपणा पाकाच्या उबेचा, आणि फिरवण्याचा हिशेब निर्दोष. गरम पाक आतल्या बाजूनं वर चढतो, गार काचेलगत खाली उतरतो, रेघेला सोबत घेऊन जातो. पण रेघ जागची हलली नाही, सरळच राहिली, तर तिला वाकवणारं माझं फिरवणंच होतं. मग प्रबंध गेला, जून गेला, सगळं गेलं. मधली वाट नव्हती.

आणि मग आम्ही सगळेजण काहीही न होणारा प्रयोग बघायला लागलो.

आजवर मी कितीतरी प्रयोग केले, पण इतका अवघड एकही नाही. काही करायचं असलं की माणसाचा वेळ जातो. नुसतं उभं राहायचं म्हणजे जीव टांगणीला. उपळेकर सरांची तर दशा बघवत नव्हती. ते हात पाठीमागे बांधायचे, पुन्हा पुढे घ्यायचे, खिडकीशी जायचे, परत यायचे. मागच्या रांगेतल्या प्राध्यापकांची कुजबुज सुरू झाली.

“काय चाललंय रे?” आत्तींनी विचारलं.

“त्रिशला काही करत नाहीये,” भरत म्हणाला.

“ते दिसतंय. पण मग सगळे बघतायत काय?”

“तेच बघतायत.”

आत्तींनी यावर थोडा विचार केला. घरात मी काही न करता उभी राहिले तर इतक्या कौतुकानं कुणी बघत नाही, असं काहीसं त्या पुटपुटल्या. मला हसू आलं. खरंच आलं, त्या अवस्थेत. आणि हसून पुन्हा काचेकडे पाहते तो रेघेचं बाहेरचं टोक हललेलं.

एवढंसंच. केसाएवढं. वाघुळदे पुढे सरकले. त्यांना दिसलं होतं. मग आतलं टोक उचलायला लागलं. कुणी हात लावलेला नाही, हँडल जागच्या जागी, आणि रेघ आपली आपण कलतेय, झोपेत कूस बदलल्यासारखी. घड्याळात वेळ भरली तेव्हा मी पट्टी लावली. मग पहिल्या रेघेचं मघाशीच काचेवर खुणेनं करून ठेवलेलं माप पाहिलं. तिरकी तशीच, दिशा तीच, आणि किंचित कमी.

“थोडी कमी,” मी म्हणाले.

उपळेकर सरांनी टेबलावर अशी काही थाप मारली की पिचकारी खाली पडली. “अहो, पाक गरम होता, माझीच घाई नडली,” असं ते इतक्या आनंदानं सांगत सुटले, की जणू पाक गरम ठेवणं हाच त्यांचा शोध होता. मागचे प्राध्यापक उठून पुढे आले. पण मी वाघुळद्यांकडे बघत होते. ते हललेच नव्हते. रेघेकडे टक लावून बसले होते. मग त्यांचे खांदे गदगदायला लागले, आणि क्षणभर मला वाटलं, म्हाताऱ्याला काही झालं की काय. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईतो हसत होते.

“खिडकी,” ते म्हणाले. “अरे देवा, खिडकी.”

कुणाला काही कळेना. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मग सांगितलं. ऐन तिशीत त्यांनीही हाच प्रयोग केला होता. त्यांच्यापाशी यंत्र उत्तम, द्रव उत्तम, हात सावकाश. रेघ दर वेळी तिरपी यायची. त्यांनी हँडल आणखी हळू फिरवून पाहिलं, आणखी घट्ट द्रव आणला, यंत्र तीनदा मोडून बांधलं. तिरपी ती तिरपीच. शेवटी कंटाळून त्यांनी ठरवून टाकलं की निसर्ग गणिताइतका सरळ नसतो, आणि दुसऱ्या विषयाकडे वळले. त्यांच्या विद्यार्थ्यांनाही तेच शिकवत आले. त्यांचं यंत्र पूर्वेच्या खिडकीशी होतं. सकाळचं ऊन एका अंगाला लागायचं.

“मी सगळं करून बघितलं, बाई,” ते म्हणाले. “एवढं एकच केलं नाही. न फिरवता बघितलं नाही.”

बोलताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. सांगून पटणार नाही, पण ते निवांत झालेले दिसत होते, फार दिवस दुखणारा दात पडून गेल्यासारखे.

मग त्यांनी विचारलं की पाक पूर्ण निवायला किती वेळ लागेल. मी म्हटलं, दुपार होईल. ते म्हणाले, चालेल. परतीची मोटार त्यांनी पाठवून दिली. आम्ही सगळे मेसमध्ये जेवलो. आमटीत कोकम जरा जास्तच झालं होतं, पण मला अमृत लागली, कारण सकाळपासून पोटात काही गेलं नव्हतं. जेवताना ते माझ्याशी प्रबंधाबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. आत्तींशी मात्र पुष्कळ बोलले. त्यांच्याकडची वांगी आणि आमच्याकडची वांगी यात कुठली चांगली, यावर दोघांची चांगलीच जुंपली होती.

मला आतून धाकधूक होतीच. हसणं वेगळं आणि सही वेगळी. तिरपेपणाचं कारण मी दाखवलं होतं, पण रेघ सरळ परत येते हे अजून त्यांच्या डोळ्यांपुढे कुठे घडलं होतं? त्यांनी पाहायला मागितलं होतं ते तेच.

दुपारी आम्ही परत आलो. पंखा बंद केला, खिडक्या लावून घेतल्या. घामाच्या धारा लागल्या, पण कुणी तक्रार केली नाही. पाकात करंगळी बुडवली, काचेला हात लावला, आत-बाहेर सारखं. मी नवी रेघ ओढली, सरळ आडवी, आणि हँडल धरणार तोच वाघुळदे सर मध्ये आले.

“मी फिरवू?”

मी बाजूला झाले. छत्री कोपऱ्यात ठेवून त्यांनी बाह्या दुमडल्या. त्यांच्या हाताला ती चाल पाठ होती, एवढ्या वर्षांनंतरही. किती सावकाश, किती एकसारखं. रेघ ताणली, फिकी झाली, विरून गेली. ते थांबले. श्वास घेतला. मग उलटं फिरवायला लागले, आणि मी रेघेकडे बघायचं सोडून त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले, कारण रेघ कशी येते हे मला ठाऊक होतं आणि त्यांना ठाऊक नव्हतं. आधी त्यांचे डोळे बारीक झाले. मग तोंड किंचित उघडं राहिलं. मग सगळा चेहराच उजळला. मला काचेकडे वळून बघायची गरज पडली नाही, तरी बघितलं. आडवी, केशरी, या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ. मीच ओढलेली रेघ.

वाघुळदे सर हँडलवर हात तसाच ठेवून कितीतरी वेळ बघत राहिले, आणि मग जत्रेतल्या पाळण्यात बसायला आणखी एकदा मिळेल का म्हणून पोरगं आईकडे बघतं, तसं त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“डॉक्टर शेडबाळे,” ते म्हणाले, “अजून एकदा फिरवू?”